दोघांनी चीन बघताना: शहरं, नद्या आणि गाइडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दोघं चीनला जाऊन आल्यापासून नात्यातली, सोसायटीतली, ह्यांच्या ऑफिसातली मंडळी सारखी काही ना काही विचारत असतात. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून काढलं आहे. माझं मत आधीच सांगते: चीनमध्ये शहरं दोन कमी बघा, पण नदीवरचे दिवस कापू नका.

ग्रुप टूर स्वस्त पडते. मग दोघांसाठी वेगळा गाइड कशाला?

खर्च जास्त येतो, हे खरं आहे. पण चाळीस माणसांच्या ग्रुपमध्ये दिवसाचा निम्मा वेळ माणसं मोजण्यात आणि बसची वाट बघण्यात जातो. दोघंच असलं की गाडी हॉटेलच्या दारात येते, मन रमलं तिथे तासभर जास्त बसता येतं आणि पाय दुखायला लागले तर एखादं देऊळ सरळ सोडूनही देता येतं.

गाइडशिवाय जाणारेही आहेत. तरुण असाल, मोबाइलवर सगळं सराईतपणे जमत असेल, तर जरूर जा. आमच्या वयाच्या लोकांना मात्र गाइड लागतोच असं मला वाटतं. मेनूकार्ड चिनीत, टॅक्सीवाल्याला इंग्रजी येत नाही आणि मोठ्या ठिकाणांची तिकिटं पासपोर्ट नंबर देऊन आधीच काढावी लागतात. आम्ही मधला मार्ग घेतला होता: मोठ्या ठिकाणांचे दिवस गाइडबरोबर आणि प्रत्येक शहरात एक संध्याकाळ आमची आम्हाला.

सगळ्या सहलीला एकच गाइड असतो का?

सहसा नाही. प्रत्येक शहराचा वेगळा गाइड असतो. तो तुम्हाला स्टेशनवर सोडतो आणि पुढच्या शहरात दुसरा नावाची पाटी घेऊन उभा असतो. मला हे आवडलं, कारण शीआनचा माणूस शीआनबद्दल ज्या जिव्हाळ्यानं बोलेल तो बीजिंगच्या माणसाकडे नसणार. यांगत्सेच्या जहाजावर बहुधा तुमचा गाइड येत नाही. चोंगचिंगला जहाजाच्या फळीपर्यंत सोडून तो परत जातो आणि यीचांगला नवा भेटतो. मधले दिवस जहाजावरचा कर्मचारीवर्ग सांभाळतो.

बुकिंग करताना तीन गोष्टी लेखी घ्या: गाइड परवानाधारक आहे आणि इंग्रजी बोलतो, गाडी फक्त तुमच्यासाठी आहे आणि दुकानांच्या सक्तीच्या भेटी नाहीत. तिसरी सर्वात महत्त्वाची. स्वस्त सहलीत जेडचं दुकान, रेशमाचा कारखाना, चहाचं दालन असं एकेक ठिकाण घुसवलेलं असतं आणि प्रत्येकी दीड तास जातो. दर कमी का, हे तिथे कळतं.

मार्ग कसा ठरवावा?

पंधराएक रात्री हाताशी असतील तर असा: बीजिंग 4, शीआन 2, तिथून विमानाने ग्वेलीन, ग्वेलीन आणि यांगशुओ मिळून 3, ग्वेयांगमार्गे वेगवान रेल्वेने चोंगचिंग 1, यांगत्सेवर जहाजात 3 आणि शेवटी शांघाय 2. बीजिंगला उतरायचं आणि शांघायहून परत यायचं. म्हणजे उलटा फेरा पडत नाही.

दहा-अकरा दिवसच असतील तर दोन्ही नद्या करायचा हट्ट धरू नका. गावं, शेतं, सायकल, निवांत चालणं आवडत असेल तर ग्वेलीनची ली नदी घ्या. गुडघे कुरकुरत असतील, सामान रोज उघडायचा-बांधायचा कंटाळा असेल तर यांगत्से घ्या. तिथे खोली तुमच्याबरोबर चालते.

कोणत्या महिन्यात जावं?

एप्रिल-मे आणि मध्य ऑक्टोबर ते मध्य नोव्हेंबर. 1 ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा आणि 1 मेपासूनची सुट्टी कटाक्षानं टाळा. त्या दिवसांत सगळा देश प्रवासाला निघालेला असतो. भिंतीवर चालायला निघाल तर भिंत दिसणार नाही, पाठी दिसतील. जानेवारी-फेब्रुवारीतल्या चिनी नववर्षाचंही तेच. आपल्या दिवाळीच्या सुट्टीचा काळ बहुतेक वर्षी छान जुळतो.

ग्वेलीनला एप्रिल ते जून पाऊस बराच असतो. ढगातले डोंगर सुंदर दिसतात, पण छत्री आणि न घसरणारे बूट हवेत. थंडीत ली नदीचं पाणी उतरतं आणि बोटीचा फेरा कधी कधी आखूड होतो. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा आपल्या मे महिन्यासारखा असतो आणि यांगत्सेला पूर आला तर जहाजाचं वेळापत्रक हलतं.

व्हिसा आणि विमानाचं काय?

भारतीय पासपोर्टवर पर्यटक व्हिसा आधी काढावा लागतो. वृत्तपत्रांत 240 तासांच्या व्हिसामुक्त ट्रान्झिटबद्दल वाचलं असेल, पण त्या देशांच्या यादीत भारत नाही. 2020 पासून बंद असलेली थेट विमानसेवा ऑक्टोबर 2025 अखेरीस कोलकाता-ग्वांगझोउ मार्गानं पुन्हा सुरू झाली, पाठोपाठ दिल्लीहूनही. मुंबईकरांना दिल्ली, हाँगकाँग, सिंगापूर किंवा बँकॉकमार्गे जाता येतं.

एक सावधगिरी. मध्येच दोन दिवस हाँगकाँग बघून परत चीनमध्ये यायचा बेत असेल तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालत नाही. हाँगकाँगला गेलं की चीनमधून बाहेर पडल्याची नोंद होते. तसा बेत असेल तर दोन प्रवेशांचा व्हिसा मागा आणि हाँगकाँगची भारतीयांसाठीची आगाऊ ऑनलाइन नोंदणीही करा.

बीजिंगमध्ये काय चुकवू नये?

राजवाडा, म्हणजे निषिद्ध नगरी. मिंग सम्राट योंगलनं तो 1406 ते 1420 या काळात बांधून घेतला. सोमवारी बंद असतो, तिकिटं सात दिवस आधी ऑनलाइन सुटतात आणि रोजच्या माणसांवर मर्यादा आहे. त्यामुळे सोमवार कुठे येतो ते बघूनच बीजिंगचे दिवस आखा. दक्षिणेच्या दारानं शिरायचं आणि उत्तरेच्या दारानं बाहेर पडायचं. सरळ चाललात तरी एक किलोमीटरच्या आसपास अंतर होतं आणि डावी-उजवीकडची अंगणं बघितली तर तीन-चार तास सहज जातात. बाहेर पडल्यावर समोरच जिंगशानची टेकडी आहे. चढ थोडा आहे, पण वरून राजवाड्याची पिवळी छपरं एकामागून एक दिसतात आणि आपण आत्ता कुठून चालत आलो ते उमगतं.

भिंतीसाठी बादालिंगऐवजी मुतियान्यूला जा. शहरापासून सत्तरेक किलोमीटर आहे, गर्दी कमी असते आणि केबल कार थेट चौदाव्या बुरुजापाशी नेते. तिथून जितकं जमेल तितकं चाला. पायऱ्यांची उंची सारखी नाही. एक वीतभर, पुढची गुडघ्याइतकी. उतरताना एकमेकांचा हात धरा.

माझा सगळ्यात आवडता भाग मात्र स्वर्गमंदिराच्या बागेतली सकाळ. निवृत्त मंडळी लांब ओवरीत पत्ते कुटत असतात, कोणी विणकाम करतं, कोणी पिसांचं फूल पायानं उडवतं, बायका एका तालात नाचत असतात. एका आजींनी मला हाताला धरून नाचात ओढलं आणि पाऊल चुकलं की स्वतः हळू होऊन परत दाखवलं. सात-साडेसातला पोहोचा. गाइड म्हणेल नऊला निघू; ऐकू नका.

शीआनला मातीचे सैनिक सोडून काही आहे का?

भरपूर. पण सैनिक आधी. 1974 साली विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना ते सापडले. ख्रिस्तपूर्व 210 मध्ये वारलेल्या छिन शी हुआंग या पहिल्या सम्राटाच्या थडग्याचे हे रखवालदार. तीन खड्डे आहेत. आधी लहान दोन बघा, मग पहिला. 230 मीटर लांब मंडपाखाली ओळीनं उभे सैनिक बघितल्यावर मग दुसरं काही बघवत नाही. कडेला, जोडणी चालू असलेल्या भागात, तुकड्या-तुकड्यांचे सैनिक असतात. तिथे थांबा. एकेकाची वेणी, बुटाच्या तळव्यावरचे ठिपके, कानाची पाळी, सगळं वेगळं.

शहराची मिंगकालीन तटबंदी जवळपास 14 किलोमीटरची आहे आणि वर सायकली भाड्यानं मिळतात, दोघांची जोडसायकलही. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर करा.

आणि मराठी माणसानं जंगली हंसांचा मोठा पॅगोडा बघायलाच हवा. ह्युएन त्संगनं भारतातून आणलेले ग्रंथ ठेवायला तो 652 मध्ये बांधला गेला. हा भिक्षू आपल्याकडे पुलकेशीच्या राज्यात येऊन गेला होता. महाराष्ट्रातली माणसं अभिमानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं त्यानं लिहून ठेवलंय. हर्षवर्धनाला पुलकेशीपुढे नमतं घ्यावं लागलं, हेही त्याच्याकडून कळतं. आमच्या गाइडला ही बाजू ठाऊक नव्हती. तिनं वही काढून पुलकेशीचं नाव लिहून घेतलं.

यांगत्सेवरच्या जहाजात नक्की काय असतं? तीन दिवस कंटाळा येत नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

यांगत्से सुमारे 6,300 किलोमीटर लांब आहे, आशियातली सर्वात मोठी नदी. जहाजाचा नेहमीचा टप्पा चोंगचिंग ते यीचांग. प्रवाहाबरोबर उतरताना तीन रात्री लागतात, उलट चढताना चार. उतरता प्रवास घ्या. चोंगचिंगला संध्याकाळी चढायचं. तिथे च्यालिंग नदी यांगत्सेला मिळते आणि उन्हाळ्यात दोन्ही पाण्यांचे रंग वेगळे दिसतात. बहुतेक नव्या जहाजांत प्रत्येक खोलीला सज्जा असतो. डाव्या बाजूची खोली की उजव्या, यावर डोकं चालवू नका, डोंगर दोन्हीकडे आहेत. इंजिनापासून लांबची, वरच्या मजल्यावरची खोली मागा.

पहिला पूर्ण दिवस एखाद्या ठिकाणी उतरण्याचा: फंगदूचं भुताखेतांचं देवस्थान किंवा शीबाओजायचा बारा मजली लाकडी मनोरा. दोन्हीपैकी निवड असेल तर शीबाओजाय. यांगत्सेवरच्या मोठ्या धरणाचं पाणी चढल्यावर त्याच्याभोवती बांध घातला, त्यामुळे तो आता पाण्यात बेटासारखा उभा आहे. जिने आत उभे आणि अरुंद आहेत. नाही चढलात तरी खालून बघायला मजा आहे.

दुसऱ्या दिवशी घळी सुरू होतात. पहिली छूतांग, जेमतेम आठ किलोमीटर, आणि तीच सगळ्यात देखणी. जहाज बहुधा सकाळी लवकर तिच्यात शिरतं. नाश्ता नंतर करा. दहा युआनची नोट खिशात ठेवा. तिच्या मागच्या बाजूला याच घळीचं तोंड, क्वेमन, छापलंय. डेकवर पन्नास चिनी आजी-आजोबा एकाच वेळी ती नोट हवेत धरून फोटो काढत असतात. आम्हीही काढला. ह्यांच्या शेजारच्या आजोबांनी नोट कुठल्या उंचीवर धरायची ते मनगट धरून दाखवलं.

मग वू घळ, साधारण 45 किलोमीटर, कडे ढगात गेलेले. इथे लहान बोटीत बसवून दानिंग किंवा शननोंग या उपनदीत नेतात. पाणी हिरवंगार, दोन्हीकडे उभे कडे आणि बरंच वर, कपारीत ठेवलेल्या प्राचीन शवपेट्या. त्या तिथे नेल्या कशा, हे गाइडला विचारा आणि मग तिकडे दुर्बिणीनं बघा. दुर्बीण नक्की न्या.

कंटाळ्याबद्दल: जहाजावर दुपारी दोन-तीन तास काहीच घडत नाही. सज्जात बसायचं, कोळशाची गलबतं जाताना बघायची, चहा प्यायचा. घरी आम्हा दोघांना इतका वेळ शेजारी बसून मिळत नाही. ज्यांना सतत कार्यक्रम लागतो त्यांनी जहाज घेऊ नये.

भाड्यात कोणत्या भेटी धरल्यात आणि कोणत्या जादा पैशांच्या, हे आधी विचारा. जादा भेटींपैकी एकही घेतली नाही तरी काही बिघडत नाही.

धरण बघण्यासारखं आहे का?

आहे. तीन घळींच्या धरणाचं काम 1994 मध्ये सुरू झालं. भिंत 2,335 मीटर लांब आणि वीजनिर्मितीची क्षमता 22,500 मेगावॉट. आपला कोयना प्रकल्प 1,960 मेगावॉटचा आहे, त्यावरून अंदाज करा. जहाजांसाठी पाच पायऱ्यांची जलद्वारं आहेत आणि 2016 पासून लहान जहाजं उचलणारी लिफ्टही. मोठी पर्यटक जहाजं बहुधा धरणाच्या अलीकडेच थांबतात आणि पुढे बसनं यीचांगला नेतात. जलद्वारांतून जायचंच असेल तर बुकिंगच्या आधी विचारा.

या पाण्याखाली गावं गेली आणि बारा-तेरा लाख माणसं हलवावी लागली. काठावरची फंगजिए, वूशान ही शहरं वर चढवून नव्यानं वसवलेली आहेत. एकसारख्या इमारतींवरून ओळखू येतात. महाराष्ट्रात धरणग्रस्त कोण असतात ते आपण जाणतो. त्यामुळे गाइडला मेगावॉटबद्दल कमी आणि माणसांबद्दल जास्त विचारा. आमचा यीचांगचा गाइड त्याच्या आजोळच्या घराबद्दल बराच वेळ बोलला, अगदी आजीनं नव्या घरी नेलेल्या लोणच्याच्या बरणीपर्यंत.

ली नदीवर मोठी बोट की बांबूचा तराफा?

ग्वेलीनहून यांगशुओपर्यंत मोठ्या बोटीनं चार-पाच तास. वरच्या डेकवर उभं राहा, जेवणाकडे लक्ष देऊ नका. यांगदी ते शिंगपिंग हा पट्टा सर्वोत्तम आहे आणि वीस युआनच्या नोटेवरचं चित्र शिंगपिंगजवळचंच.

पण दोघांसाठी खरा आनंद यांगशुओजवळच्या युलोंग नदीवर. तिथल्या तराफ्यावर दोनच खुर्च्या असतात, वर छत्री, मागे काठीनं ढकलणारा नावाडी. इंजिन नाही. छोटे बंधारे येतात, तराफा पुढून खाली झुकतो आणि पाय ओले होतात. चपला हातात घ्या, मोबाइल पिशवीत. काही ठिकाणी वयाची अट असते, म्हणून गाइडला वय आधीच सांगून ठेवा.

शांघायला किती दिवस?

दोन पुरेत. संध्याकाळी वायतानवर, म्हणजे ह्वांगपू नदीच्या काठावर, उभं राहून पलीकडचे मनोरे बघा. शांघाय टॉवर 632 मीटरचा आहे. ह्वांगपू नदीवरची महागडी रात्रीची फेरी घेण्याऐवजी लोकांची साधी फेरीबोट घ्या, तिकीट दोन युआन. दिवे दहाच्या सुमारास मालवतात, जेवण आधी उरका.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही, पण सांभाळून राहावं लागतं. अडचण भाजी न मिळण्याची नाही, भाज्या आपल्याहून जास्त प्रकारच्या मिळतात. अडचण अशी की भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, वर ऑयस्टर सॉस किंवा चिकन पावडर घातलेली असते आणि वेटरच्या लेखी ती शाकाहारीच असते. पहिल्याच दिवशी गाइडकडून चिनीत कागद लिहून घ्या: मांस, मासे, अंडं, प्राण्यांची चरबी, ऑयस्टर सॉस, चिकन पावडर नको. प्रत्येक हॉटेलात तो आचाऱ्यापर्यंत पोहोचवा.

चोंगचिंगच्या हॉटपॉटचा, म्हणजे टेबलावर उकळत्या रश्शात शिजवून खायच्या जेवणाचा, लाल रस्सा बहुधा गाईच्या चरबीत केलेला असतो. हे आधी माहीत हवं. मशरूमचा पांढरा रस्सा वेगळ्या भांड्यात मागता येतो. ग्वेलीनच्या तांदळाच्या शेवयांचा रस्साही हाडांचा असतो.

बिनधास्त मागावं असं: व्हिनेगर-मिरचीत परतलेला बटाट्याचा कीस, वांगं-बटाटा-ढोबळी मिरचीची परतलेली भाजी, लसणातला पालेभाजीचा देठ, शीआनच्या थंडगार शेवया, ल्यांगपी, अंडं चालत असेल तर टोमॅटो-अंडं. मोठ्या बौद्ध मंदिरांजवळच्या शाकाहारी भोजनालयांत कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन मंडळींना ती सोयीची. शांघायच्या जेड बुद्ध मंदिरातल्या शेवया मला अजून आठवतात. अशा ठिकाणी ताटात बदकासारखं किंवा माशासारखं दिसणारं काही आलं तर दचकू नका, ते सोयाचं असतं.

घरून मेतकूट, चटणी, थेपले, झटपट उपमा न्या. वेगवान रेल्वेच्या प्रत्येक डब्याजवळ आणि स्टेशनांवर उकळतं पाणी फुकट असतं. ताजी फळं, पेढे-बर्फी वगैरे दुधाचे पदार्थ मात्र नेऊ नका. सीमाशुल्कवाले काढून घेतात.

पैसे आणि मोबाइल?

अलीपे आणि वीचॅट ही मोबाइलवरून पैसे देण्याची दोन्ही ॲप निघण्यापूर्वी उतरवून त्यांना आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्डचं बँक कार्ड जोडून घ्या. 200 युआनपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वर 3 टक्के. भाजीवालासुद्धा कोड पुढे करतो. थोडी रोकड तरीही जवळ असू द्या.

गूगल, व्हॉट्सॲप, यूट्यूब तिथल्या इंटरनेटवर चालत नाही. आपल्याच सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलंत तर चालतं. हॉटेलच्या वायफायवर आलात की बंद. पॉवर बँकेवर 3सी हे चिनी प्रमाणचिन्ह नसेल तर देशांतर्गत विमानात नेऊ देत नाहीत, हा नियम 28 जून 2025 पासून आहे.

संडासाची सोय कशी असते?

हॉटेल, जहाज इथे उत्तम. बाहेर बहुतेक ठिकाणी भारतीय पद्धतीचे, स्वच्छ, पण पाणी आणि कागद नसतो. टिश्यू आणि एक लहान बाटली कायम पर्समध्ये ठेवा.

फसवणुकीची भीती आहे का?

रात्री दोघंच फिरताना आम्हाला कुठे भीती वाटली नाही. एकच प्रकार सांगून ठेवते: बीजिंगच्या वांगफुजिंग किंवा शांघायच्या नानजिंग रस्त्यावर गोड बोलणारी तरुण मुलं इंग्रजीचा सराव करायचाय म्हणून चहाला बोलावतात आणि मग अफाट बिल पुढे येतं. हसून नाही म्हणा.

डॉ. कोटणीसांचं स्मारक या मार्गात बसतं का?

बसतं, आणि बसवाच. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जपानविरुद्धच्या युद्धात जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत कॅनडाहून आलेल्या डॉ. नॉर्मन बेथून यांच्याप्रमाणेच त्यांचीही समाधी आणि पुतळा आहे. हे शहर बीजिंग-शीआन वेगवान रेल्वेच्या वाटेवरच, बीजिंगपासून सव्वा तासाच्या आसपास. सकाळच्या गाडीनं उतरायचं, सामान स्टेशनवर ठेवायचं, दुपारी पुढची गाडी धरायची. एजंट म्हणेल की इथे पर्यटक जात नाहीत. आग्रह धरा, दोन स्वतंत्र तिकिटं काढायला सांगा आणि स्मारक त्या दिवशी उघडं आहे ना, ते गाइडकडून आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्या. फुलं नेणार असाल तर तेही त्यालाच सांगा, तो वाटेत गाडी थांबवेल.